धाकट्या वन्संचं अडलेलं बाळंतपण

अगं, अशी जवळ ये बघू. कागदावरून का होईना, तुझा कान धरायलाच हवा. पत्रात काय लिहिलंस? ‘आजी, तुमच्या काळी बायका घरच्या घरी बाळंत व्हायच्या, काही होत नव्हतं. मग मी कशाला दवाखान्याच्या खेपा घालू?’ वा गं शहाणे! काही होत नव्हतं हे कोणी सांगितलं तुला? ज्या जगल्या त्यांनी. ज्या गेल्या त्या सांगायला येतात होय? चुलीवरचा तवा उतरव आणि वाच.

मी सून होऊन कल्याणला आले तेव्हा आमच्या माजघरामागे बाळंतिणीची खोली होती. खिडकी जुन्या गोधड्यांनी बुजवलेली, आत शेगडी आणि धुरी. डोळे चुरचुरायचे नुसते. त्याच खोलीत, मी यायच्या आधी, माझ्या थोरल्या वन्सं गेल्या होत्या. बाळंतपण सुखरूप झालं होतं, पण चौथ्या दिवशी ताप चढला. ओल्या बाळंतिणीला पाणी द्यायचं नाही असा नेम, तेव्हा ती पोर पाणी पाणी करत गेली. सासूबाईंनी दिलं नाही. स्वतःच्या लेकीला, तिच्या भल्यासाठीच दिलं नाही. हे त्यांनीच मला सांगितलं, एकदाच, तांदूळ निवडताना. नंतर कधी तो विषय निघाला नाही.

मी आल्यावर दोन वर्षांनी धाकट्या वन्सं पहिल्या खेपेला माहेरी आल्या. सतरा वर्षांच्या. मी त्यांच्याहून वर्षाने लहान आणि मलाही तेव्हा पाचवा लागलेला. आम्ही दोघी चोरून चिंच खायचो, अगदी गळ्यात गळे.

एके दिवशी सकाळी त्यांना कळा लागल्या, त्या दुसरी सकाळ उजाडली तरी सुटका नाही. सासूबाई म्हणाल्या, “घरातल्या गाठी सोडा.” बाई अडली की घरात जे बांधलेलं, बंद केलेलं असेल ते सगळं मोकळं करायचं, म्हणजे तिचीही वाट मोकळी होते, अशी समजूत. मी धावत सुटले. कुलपं काढली, पेट्यांची झाकणं उघडली, लोणच्याच्या बरण्यांच्या तोंडाला बांधलेले दादरे सोडले, स्वतःचा अंबाडासुद्धा सोडला. मामंजी ओटीवर बसलेले. सासूबाई दारातूनच म्हणाल्या, “अहो, ते पागोटं उलगडा.”

“उलगडतो. पण धोतराची गाठ राहू दे ना? माणसं येताहेत दाराशी.”

“थट्टा सुचते तुम्हाला!” म्हणून सासूबाई रडायलाच लागल्या. मामंजींनी गुपचूप पागोटं उलगडलं आणि बोडक्याने बसून राहिले बिचारे. गोठ्यातलं वासरूही मी सोडलं. ते थेट गाईला जाऊन लुचलं आणि घरचं सगळं दूध संपवून मोकळं झालं. मोकळं झालं ते तेवढंच.

उन्हं वर आली तशी सुईण खोलीबाहेर आली. खाडीकाठची म्हातारी, निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलेलं. म्हणाली, “आई, पोर पायाकडून येतंय न अडकलंय. आता माज्या हातात काय नाय. ठान्याच्या दवाखान्यात शिकल्याली बाई हाय, ती आना.”

“ती ख्रिस्ती बाई? माझ्या घरात?”

“त्या खोलीत माजा इटाळ चालतो, तिचाच तेवढा चालत नाय व्हय?”

मी कधी त्यांच्यापुढे तोंड उघडलं नव्हतं, पण त्या दिवशी माझ्या तोंडून निघून गेलं, “सासूबाई, मलाही भीती वाटते हो.” तेवढ्यात आतून वन्संचा बारीक आवाज आला, “आई, पाणी.”

सासूबाईंनी गडू उचलला, आत गेल्या आणि आपल्या हाताने लेकीला पाणी पाजलं. बाहेर आल्या त्या सरळ ओटीवर, परक्या माणसांसमोर, आणि मामंजींना म्हणाल्या, “ठाण्याला तार करा.”

आमचे हे ठाण्याच्या कचेरीत कारकून. तेव्हा तार म्हणजे कोणीतरी गेल्याचीच बातमी. तार हातात पडताच हे न वाचताच खाली बसले, लोक वारा घालू लागले! शेवटी शेजारच्या कारकुनाने वाचली, “अहो, शिकलेली सुईण घेऊन बोलावलंय. उठा!” तेव्हा पळत सुटले.

दुपारच्या गाडीने ती बाई आली. चष्मा, हातात काळी पिशवी, बोलणं मोजकं. आल्या आल्या शेगडी बाहेर काढवली आणि गोधड्या ओढून खिडकी उघडली. मग उकळलेलं पाणी मागून साबणाने कोपरापर्यंत हात धुवायला लागली, ते संपेचना. सासूबाई माझ्या कानात म्हणाल्या, “अगं, हिचं सोवळं तर आपल्यापेक्षा कडक!”

आमची म्हातारी सुईण तिच्या हाताखाली उभी राहिली, जराही रुसली नाही. दोन घटका गेल्या असतील. आम्ही दाराबाहेरच. आणि रडणं ऐकू आलं. मुलगी! नाक मुरडायला कोणाला सुचलंच नाही. पाठोपाठ वन्सं म्हणाल्या, “भात आहे का गं?” सासूबाई हसत हसत रडल्या. बाईला चहा करावा तर घरात दुधाचा थेंब नाही, शेवटी गूळपाणी दिलं. ती जाताना माझ्याकडे बघून म्हणाली, “हिला सातव्यात दाखवायला आणा. कळा लागल्यावर दुसऱ्या दिवशी तार करू नका.”

ती मुलगी पायाळू ना, आणि पायाळूच्या लाथेने धरलेली कंबर सुटते म्हणतात, म्हणून मोठेपणी कंबर धरलेल्या बायका तिची लाथ खायला यायच्या!

आणि मला सातवा लागला तेव्हा मी काही बोलायच्या आत सासूबाईच लुगडं नेसून ठाण्याला निघायला तयार. गर्भारशीने खाडी ओलांडू नये म्हणतात, म्हणून गाडी पुलावर आली तशी त्यांनी माझ्यावरून नारळ ओवाळून खिडकीतून खाडीत टाकला आणि मग निवांत बसल्या. तुझ्या वडिलांच्या वेळी मी त्या बाईच्याच हातावर बाळंत झाले, म्हणून तर हे लिहायला बसले आहे.

तेव्हा बयो, निमूटपणे खेपा घाल. आणि दिवस जड व्हायच्या आत मला एकदा तोंड दाखवून जा. तुला आवडतात तशा अळूवड्या करते. लवकर ये गं.