स्टेटसमधली चिठ्ठी

नांदेडच्या लॅबमध्ये नोकरीला लागले तेव्हा सगळ्यात आधी मी काय केलं असेल, तर व्हॉट्सॲपचा डीपी बदलला. पांढरा ॲप्रन, मोकळे केस आणि गळ्यात स्टेथोस्कोप. लॅब टेक्निशियनला स्टेथोस्कोप कशाला लागतो, असलं काही विचारू नका. शेजारच्या दवाखान्यातून पाच मिनिटांसाठी मागून आणला होता. गावाकडं सगळे डॉक्टरीणबाई म्हणायला लागले आणि मीही कुणाला दुरुस्त केलं न्हाई. खोटं कशाला बोलू, लई भारी वाटायचं.

मग रोज स्टेटस. सुईसोबत मी, सूक्ष्मदर्शकासोबत मी, डब्यातल्या शेंगाचटणीसोबतही मी. मुखेडजवळच्या एका गावात माझी मावशी दिली आहे. तिनं माझा एक स्टेटस चुकवला असेल तर शपथ!

एके दिवशी लॅबमध्ये नवं मशीन आलं. सरांनी नारळ फोडला, मी मशीनला हार घातला आणि दुपारी हाराशेजारी उभं राहून सेल्फी काढला आणि स्टेटसला टाकला. पुढ्यात टेबलावर सकाळच्या रक्ताच्या नळ्यांचा स्टँड होता. आमच्याकडं प्रत्येक नळीला रबर लावून चिठ्ठी बांधतात. तिच्यावर पेशंटचं नाव, गाव आणि तपासणी. एकाच नावाच्या तीन-तीन बाया एका दिवसात येतात, म्हणून गाव लिहायचंच, अशी सरांची सक्त ताकीद. अदलाबदल नको म्हणून मीही ठळक, मोठ्या अक्षरात लिहायची. माझं अक्षर तसं सुरेख आहे.

तासाभरात मावशीचा फोन.

"काय गं, आमच्या शेजारणीच्या सुनंनं तुमच्याकडं रक्त दिलं व्हय? आम्हाला तर म्हणली, विष्णुपुरीला बहिणीकडं चालले!"

"तुला कुणी सांगितलं?"

"तूच की! फोटो मोठा करून बघितला. नाव हाय, गाव हाय, खाली प्रेग्नन्सी लिहिलंय. आठ वर्षं झाली माय लग्नाला!"

मी फोन घेऊन लॅबबाहेर आले. "मावशी, कुणाला बोललीस का?"

"छे गं, तिच्या सासूला तेवढं सांगितलं. काय हरखली म्हातारी! पेढे आणायला गेली बघ."

तेवढं म्हणे! मी स्टेटस उडवला, पण आता त्याचा काय उपयोग? ती बाई मला चांगली आठवत होती. सकाळी एकटीच आलेली, दोनदा बजावून गेलेली, "ताई, फोनवर सांगू नका, मीच येऊन घेईन."

चारला ती आली. रिपोर्ट निगेटिव्ह होता. तिनं तो वाचला, घडी घातली, पर्समध्ये ठेवला. घरी काय वाढून ठेवलंय हे मला ठाऊक होतं आणि ती माझ्यापासून हातभर अंतरावर उभी होती. मी तोंड उघडलं न्हाई. स्टेटसपेक्षाही याची मला जास्त लाज वाटते. ती बसस्टँडकडं निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तिचाच फोन आला. नंबर मावशीनं दिलेला.

"बसमध्येच रडून घेतलं ताई. म्हणलं घरी कुणाला कळू द्यायचं न्हाई. उतरले तर सासूनं पेढा तोंडात घातला."

"मग?" मी विचारलं. काय मूर्ख प्रश्न!

"मग काय? गिळला."

फोन बंद झाला. मी ढसाढसा रडले आणि जाऊन सरांना सगळं सांगून टाकलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाले, "मुखेड सोडून ती एवढ्या लांब आपल्याकडं का आली होती, याचा विचार कर."

त्या दिवशी डीपीतला स्टेथोस्कोप गेला, स्टेटसही बंद झाले. चार दिवसांनी मावशीनं काळजीनं विचारलं, "नोकरी गेली का गं तुझी?"

बरेच महिने गेले. एका सकाळी ती परत आली. एवढ्या लॅबा सोडून आमच्याकडंच. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तिनं हात पुढं केला. मला वाटलं, रक्तासाठी. पण बाही खालीच होती आणि तळहात काहीतरी मागितल्यासारखा पसरलेला.

"आधी फोन द्या."

मी दिला. तिनं तो पर्समध्ये टाकला, चेन ओढली, मग बाही वर केली. रिपोर्ट येईस्तोवर ती पर्स मांडीवर घेऊन बाकावर बसून होती. मधे तीनदा माझा फोन वाजला. बहुतेक मावशीच असावी. तिनं काही पर्स उघडली न्हाई, मीही फोन मागितला न्हाई.

संध्याकाळी मी घडी घातलेला कागद तिच्या हातात दिला आणि तिनं फोन माझ्या. त्या कागदावर काय होतं? पहिला रिपोर्ट तर अख्ख्या गावाला ठाऊक होता, माझ्याच कृपेनं. हा मी सांगणार न्हाई.