डेन्मार्कच्या ग्रंथपालबाई

रिसोडच्या वाचनालयात डेन्मार्कबद्दल काही आहे का, असं विचारलं तेव्हा तिथल्या काकांनी चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं. "डेन्मार्क कायले पायजे तुले? परीक्षेत येते का ते?" परीक्षेत येत नाही म्हटल्यावर त्यांचा रसच संपला. आमच्याकडे पुस्तक वाचायचं ते नोकरीसाठी. उगाच वाचणारी बाई म्हणजे डोक्यावर परिणाम झालेली.

तिकडच्या शेतकऱ्यांनी चालवलेल्या लोकशाळा हा माझा पीएच.डी.चा विषय. "मूळ साधनं मिळवा, नाहीतर विषय बदला," असं मार्गदर्शकांनी बजावलं होतं. सगळ्यांशी भांडून घेतलेला विषय, तो सोडायचा तर नाक कापल्यासारखं झालं असतं. शोधता शोधता तिथल्या एका ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर 'ग्रंथपालांना विचारा' असं दिसलं. मी एका लोकशाळेचे जुने अहवाल मागितले. दुसऱ्याच दिवशी एका बाईंचं उत्तर आलं. कोणता अहवाल कुठल्या संग्रहात आहे, कोणता स्कॅन करून पाठवता येईल, सगळं नीट लिहिलेलं. माझ्या विषयावर माझ्याशी इतकं कुणी बोललंच नव्हतं.

मग मी सारखीच काही ना काही विचारू लागले. एकदम कामाचं बोलणं आपल्याकडे बरं दिसत नाही, म्हणून एकदा सुरुवातीला लिहिलं, 'जेवण झालं का?' बाईंनी अत्यंत गंभीरपणे डॅनिश लोकांच्या दुपारच्या जेवणावरचे संदर्भ पाठवून दिले. मी एकटीच खो खो हसत सुटले. समोर आई सुपात तूर पाखडत होती. पण तिला सांगायचं तर पार डेन्मार्कपासून सुरुवात करावी लागली असती. हसू तिथेच विरलं.

हळूहळू सगळे अहवाल आले. शेवटच्या पत्रात बाईंनी लिहिलं, तुम्हाला हवं होतं ते सर्व पाठवलं आहे, हा प्रश्न आता बंद करते, शुभेच्छा.

"भेटलं ना सारं?" आईने विचारलं. "मंग अशी तोंड पाडून काहून बसली?"

"काही नाही," म्हटलं. विषय बदलावा लागणार नव्हता, मार्गदर्शक खूश होते, आणि मला मात्र रडू येत होतं.

पुढचे काही दिवस मी नुसता प्रश्न शोधत होते. शेवटी प्रबंधाला काडीची गरज नसताना विचारलं: हिवाळ्यात तिकडे लवकर अंधारून येतं, तेव्हा एकटी राहणारी माणसं दिवस कसे काढतात, यावर काही मिळेल का?

उत्तर लगेच आलं. पुस्तकं चांगली होती, कुठे मिळतील तेही लिहिलं होतं. खाली सही दुसऱ्याच कुणाची तरी होती. आणखी काही माहिती हवी आहे का, असं त्यांनी अदबीने विचारलं होतं.

मी नको म्हणून कळवलं.