आधी पोहोचलेला गोल

हे मी अजून कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतो आहे, तेही लिहून, कारण बोलायला लागलो की आवाज मध्येच थांबतो. आणि आवाजाचंच तर सगळं आहे — पण ते पुढे येईल.

माझा मोठा भाऊ अकोल्याला राहायचा. त्याला मी दादा म्हणायचो. खेळाच्या सामानाचं छोटं दुकान होतं त्याचं. तरुणपणी तो फुटबॉल खेळायचा, चांगला खेळायचा. मी मैदानाच्या कडेला त्याच्या चपला सांभाळत पुस्तक वाचत बसायचो. पुढे मी अमरावतीला कॉलेजच्या ग्रंथालयात लागलो, आणि आमच्यात बोलण्यासारखं फारसं काही उरलं नाही. मग रशियात विश्वचषक झाला.

दादा दुकानात मोबाइलवर सामने बघायचा. मी घरी टीव्हीवर, छतावरच्या डिशवर. एक दिवस सामना चालू असतानाच त्याने दुकानातल्या जुन्या बटणांच्या फोनवरून मला फोन लावला. माझ्याकडे गोल झाला, मी ओरडलो. तो म्हणाला, "कावून बोंबलून राहिला बे? बॉल तर अजून मधातच हाय." थोड्या वेळाने त्याच्या मोबाइलवर तोच गोल झाला. "अबे! तुले कसं समजलं?"

मोबाइलवर सामना जरा उशिरा पोहोचतो; माझं चित्र त्याच्या चित्राच्या पुढे चालत होतं, एवढंच. त्याच्या मोबाइलच्या कोपऱ्यात लाल अक्षरांत 'लाइव्ह' लिहिलेलं असायचं, आणि त्याचा त्यावर विश्वास होता. मला तेव्हाच सांगता आलं असतं. आम्ही दोघं हसलो असतो. का नाही सांगितलं? मी म्हणालो, "दादा, वाचून वाचून समजतं. खेळाडूची कंबर कुठे वळते, ते बघायचं."

त्या दिवसापासून प्रत्येक सामन्याला फोन. पेनल्टी मारायला कोणी उभा राहिला की दादा विचारायचा, "सांग बे लहान्या, जाते का?" मी पडद्यावर बघायचो, आणि जरा थांबून, अगदी शांत आवाजात सांगायचो — जाते. किंवा — अडवणार. तो आवाज मी घडवला होता. ज्याला माहीत आहे, त्याचा आवाज. दादा दुकानात येणाऱ्या पोरांना सांगायचा, माझा भाऊ बसल्या जागी सामना वाचते. सकाळी मैदानावर जाऊन तो त्यांना कंबर बघायला शिकवायचा. ज्या माणसाने आयुष्यभर पायांनी खेळ ओळखला, तो माझ्या थापेवरून कंबर बघत होता. मला लाज वाटली का? नाही. मला आवडत होतं.

मग कतारचा विश्वचषक आला. अर्जेंटिना आणि सौदी अरेबिया, दुपारचा सामना. तुम्हाला आठवत असेल. अर्जेंटिना सहज जिंकणार, असं सगळ्यांनी धरलेलं. मध्यंतरापर्यंत ते पुढेही होते. नंतर माझ्या टीव्हीवर सौदीने गोल केला. मी फोनवर म्हणालो, "आता सौदी मारते." दादा हसला, "चल बे, काहीही!" आणि त्याच्याकडे गोल झाला. थोड्याच वेळात मी पुन्हा म्हणालो, "अजून एक." तोही झाला.

"बाप्पा!" दादाला श्वास घ्यायला वेळ लागला. "अबे, तू माणूस हायेस का कोण हायेस?" मग म्हणाला, "बरं, हेही सांगून टाक. सकाळपासून छाती जड वाटून राहिली. डावा हात भरून येते. काही हाय का?"

माझे डोळे पडद्यावर होते. मी जरा थांबलो — विचार करायला नाही, सवयीने — आणि त्याच आवाजात म्हणालो, "काही नाही दादा. गॅस आहे. संध्याकाळपर्यंत उतरेल."

"मंग झालं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाचं शटर उचलताना तो खाली बसला. उठलाच नाही.

अकोल्याला जाताना एसटीत मी स्वतःला समजावत होतो, की फोनवरची गोष्ट होती ती, फोनवर माणूस काहीही बोलतो. त्याने डॉक्टरला दाखवलंच असेल. वहिनीने नेलंच असेल. हे मी इतक्या वेळा म्हणालो की ते मला खरं वाटायला लागलं.

मग पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. आमच्याकडे बुद्धवंदना झाली की एकेक जण उभं राहून गेलेल्या माणसाबद्दल दोन शब्द बोलतो. कोणी त्याच्या खेळाबद्दल बोललं, कोणी उधारीवर दिलेल्या बुटांबद्दल. शेवटी वहिनी उठली. पांढऱ्या साडीत, फोटोशेजारी. ती म्हणाली, "त्यायचा लहान भावावर लय भरवसा होता. आदल्या संध्याकाळी मी हात जोडले, चला, डॉक्टर समोरच बसते. तर मले म्हणे, लहान्याले विचारलं मी, काही नाही म्हणे तो. त्याचं कधी चुकत नाही."

तिच्या आवाजात दोष नव्हता. ती भावाभावांची माया सांगत होती. लोक माना डोलावत होते. माझ्या कानांत काहीतरी बंद झालं. पंखा फिरताना दिसत होता, पण त्याचा आवाज येत नव्हता. समोर बसलेल्या मावशीने डोळे पुसत माझ्याकडे कौतुकाने बघितलं — हो, कौतुकाने.

त्यानंतर मला बोलायला सांगितलं. मी उभा राहिलो. सगळे समोर होते. सांगायला एकच वाक्य पुरलं असतं. मी त्याच्या चपला सांभाळायचो, ती आठवण सांगितली आणि खाली बसलो.

यालाही आता काही वर्षं झाली. पुन्हा विश्वचषक आला आहे. माझा टीव्ही बंद असतो.

मागच्या आठवड्यात वहिनीचा फोन आला. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन करायचं म्हणतात. "करू का भाऊजी?"

मी म्हणालो, "डॉक्टरांना विचारा, वहिनी."

"डॉक्टरले विचारलं. आता तुमाले विचारून राहिली. तुमचे दादा असते तर त्यायनं तुमालेच विचारलं असतं."

मी जरा थांबलो. पलीकडे ती वाट बघत होती, तो बघायचा तशीच.

"करून घ्या वहिनी," मी म्हणालो. "सगळं ठीक होईल."

त्याच आवाजात.