मुलीच्या मामाचा फास्ट ट्रॅक

विमानतळावरच्या रांगेत उभं राहण्याचं योग्य वय कोणतं, या प्रश्नावरून आमच्या घरात तीन दिवस भांडण चाललं.

हे मी शांतपणे लिहितोय, पण मी शांत अजिबात नाहीये. नुसतं आठवलं तरी डोक्यात तिडीक जाते. (बायको म्हणते, "तुमच्या डोक्यात जायला तिडकीला रांगच लागत नाही." तिच्या विनोदांवर हसायचं नाही, हे मी लग्नानंतर लगेचच ठरवून टाकलेलं आहे.)

झालं असं. माझ्या थोरल्या बहिणीच्या मुलीचं, ऋतुजाचं, साताऱ्याला लग्न. ऋतुजाला मामा एकच, आणि तो मी. आमच्यात नवरी मुलीला मांडवात आणायचं काम मामाचं. गुरुजींनी पुकारलं की मामा तिला खोलीतून घेऊन येतो आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहतो. ऋतुजा पाच वर्षांची असल्यापासून हे माझ्याकडून वदवून घेत आलेली. लग्न ठरल्यावर तर तिने फोनवर धमकीच दिली, "मामा, तू नसलास ना, तर मी खोलीतून बाहेरच येणार नाही. बसू दे सगळ्यांना अक्षता घेऊन!"

आणि मामा कुठे? तर बायको-मुलांसकट ओमानात, सोहारच्या पोलाद कारखान्यात, मेंटेनन्सला! त्यात नेमकं शटडाऊन, म्हणजे कारखाना बंद ठेवून वर्षभराची दुरुस्ती आमच्याच डोक्यावर. साहेबाच्या हातापाया पडून रजा मिळाली ती चार दिवसांची. म्हणजे लग्नाच्या आदल्या दिवशी मस्कतहून दुपारचं विमान धरायचं, रात्री सातारा गाठायचं आणि सकाळी अकराच्या मुहूर्ताला फेटा बांधून उभं राहायचं. विमान चुकलं की मामा चुकला, इतका साधा हिशोब होता.

त्यात आमच्या तिकीटवाल्याने पिल्लू सोडून दिलं. "साहेब, सुट्ट्यांची गर्दी आहे. सिक्युरिटीचा फास्ट ट्रॅक घेऊन टाका. बारा वर्षांखालची मुलं तुमच्या पासवर जातील. वरच्यांना मात्र वेगळा पास." माझी इरा सोळा वर्षांची आणि अर्णव चौदाचा.

"चार पास घ्या," मेधा, म्हणजे बायको, भाजी चिरता चिरता म्हणाली.

"चार? या दोघांना कशाला? ह्यांना कसली घाई?"

"अहो, सगळे बरोबर जाऊ ना."

"मेधा, मी यांच्या वयाचा असताना रॉकेलसाठी तीन-तीन तास..."

"झालं सुरू!"

"सुरू काय? पोरांना रांगेत उभं राहायची सवय नको? उद्या म्हणतील, देवाच्या दर्शनालाही पास काढा!"

इराने कानातला एक इअरफोन काढला. (एकच. दोन्ही काढण्याइतका मान या घरात मला नाही.) "बाबा, इट्स नॉट अबाउट सवय. लास्ट टाइम सिक्युरिटीला लेट कोणामुळे झाला? तुझा बेल्ट तीनदा वाजला."

"आणि आमच्याकडे असतं काय?" अर्णव म्हणाला. "फोन आणि हुडी. वी आर फास्ट, बाबा."

"फास्ट? अंघोळीला पाऊण तास लावणारा माणूस मला फास्ट शिकवतोय!"

पहिल्या दिवशी माझं म्हणणं होतं, मुलं तरणीताठी आहेत, उभी राहतील. दुसऱ्या दिवशी म्हणणं होतं, मुलं इतकी ढिली आहेत की पास देऊनही उपयोग शून्य. तिसऱ्या दिवशी मी दोन्ही म्हणणी एकदम मांडली. इरा म्हणाली, "बाबा, पिक वन." त्यावर मी टीव्हीचा रिमोट आपटला. (त्याचा एक सेल अजून सापडलेला नाही.) आणि तिरीमिरीत दोनच पास घेतले. एक मला, एक मेधाला. तत्त्व म्हणजे तत्त्व!

"माझा पास तुमच्या बॅगेला द्या," मेधा म्हणाली. "मी माझ्या मुलांबरोबर उभी राहीन."

आता कट्यारीचं सांगायला हवं. आमच्यात नवरदेवाच्या हातात कट्यार असते, तिच्या टोकाला लिंबू खोचलेलं. लग्न लागेपर्यंत ती खाली ठेवायची नाही. बहुतेक ठिकाणी मंडपवाल्याकडची गंजकी कट्यार फिरत असते. मी म्हटलं, ज्या देशाच्या झेंड्यावर खंजीर आहे त्या देशातून मामा येतोय, आणि जावई गंजकं पातं धरणार? शक्य नाही! चार शुक्रवार मस्कतला जाऊन मत्रहच्या जुन्या बाजारात घासाघीस करून मी चांदीच्या मुठीचा ओमानी खंजीर घेतला. लाल मखमलीच्या पेटीत. मेधाने ती पेटी मोठ्या बॅगेत, पार तळाशी, पैठणीच्या घडीत ठेवली होती. ती बाई सगळं नीट करते. त्याचाही मला राग येतो.

विमानतळावर बॅग काट्यावर ठेवली आणि भरली जास्त. मग आखातातून घरी निघालेली आपली सगळी माणसं जे करतात तेच मी केलं. काउंटरसमोर फरशीवर फतकल मारून बॅग उघडली. खजूर, हलव्याचे डबे, बदाम, बामाच्या बाटल्या, माझा फेटा, सगळं बाहेर! मेधा आणि इरा बाथरूमला गेलेल्या. मागची माणसं सुस्कारे सोडत होती. मी त्यातल्या त्यात जड वस्तू शोधली. लाल पेटी. ती उचलली आणि पाठीवरच्या सॅकमध्ये कोंबली.

"बाबा, वेट. तो बॉक्स..."

"गप्प बस, अर्णव!"

"पण बाबा, केबिनमध्ये ते अलाउड..."

"एक शब्द नको! एकोणीस वर्षं मी विमानाने ये-जा करतोय. तू मला शिकवू नकोस!"

त्याने खांदे उडवले आणि हुडीची टोपी डोक्यावर ओढून घेतली. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं, पण हे त्याला सांगू नका.

फास्ट ट्रॅकच्या रांगेत माझ्यापुढे कुणी नव्हतं आणि मागेही कुणी नव्हतं. चार अधिकारी आणि मी! पलीकडे साध्या रांगेत माझं कुटुंब वेड्यावाकड्या दोऱ्यांमधून मुंगीच्या पावलांनी सरकत होतं. मी त्यांना हात केला. मेधाने तोंड फिरवलं. अर्णवने मात्र उत्साहाने फोटो काढला. त्या फोटोत मी हसतोय.

आणि सॅक मशीनमध्ये गेली ती आतच थांबली.

"साब, ये बॅग आपका?" कोरलेल्या दाढीचा एक तरुण ओमानी अधिकारी.

"हां, मेरा!" मी छाती काढून सांगितलं.

त्याने पेटी उघडली. उरलेले तिघेही जमा झाले. (त्यांना दुसरं कामच नव्हतं, फास्ट ट्रॅकला मी एकटाच!) एक जण "माशाल्ला" म्हणाला.

"साब, ये खंजर है."

"हां. चांदी का है."

"अच्छा है. बहोत अच्छा है. मगर प्लेन में नहीं जाएगा. बाहर काउंटर पे दो, वो लोग नीचे सामान में डालेगा. अभी टाइम है साब. यल्ला, जल्दी!"

बघा, किती सरळ सांगितलं बिचाऱ्याने! कुठलाही शहाणा माणूस पेटी उचलून पळत सुटला असता. मी चिडलो. नक्की कुणावर, ते मला आजही सांगता येत नाही.

"मैंने फास्ट ट्रॅक लिया है!" मी ओरडलो.

"साब, फास्ट ट्रॅक आदमी का है. खंजर का नहीं."

"अरे, शादी है! दूल्हा हाथ में पकडता है! ऊपर नींबू लगाता है!"

"नींबू?"

चौघांची अरबीत चर्चा झाली. मग दाढीवाल्याने मनापासून विचारलं, "नींबू क्यूं?"

लिंबू का? आता आली का पंचाईत! तीन लग्नांत मिरवलोय, स्वतःच्या लग्नात ती कट्यार दोन तास धरून हात भरून आला होता, पण लिंबू का, हे मी कधी कुणाला विचारलेलं नाही. "नजर नहीं लगता," मी ठोकून दिलं.

"मेरी शादी में मैंने भी खंजर पहना था," तो म्हणाला. "नींबू नहीं था."

"तो मैं क्या करूं? हमारे में होता है!"

आणि मी, ज्याला विमान पकडायचं होतं तो मी, चार ओमानी अधिकाऱ्यांना कट्यारीचं महत्त्व समजावत उभा राहिलो! तेवढ्यात साध्या रांगेतून इरा आली. फोन ट्रेमध्ये, घड्याळ ट्रेमध्ये, बूट ट्रेमध्ये, पार! मागून अर्णव, पार! मागून मेधा, पार! बेल्टसुद्धा कुणाचा वाजला नाही.

"अहो! काय झालं?" पलीकडून मेधा.

"काही नाही! व्हा पुढे!"

"त्यांच्या हातात खंजीर का आहे?"

"पुढे व्हा म्हटलं ना!"

"टोल्ड यू," अर्णव म्हणाला. कुणाला उद्देशून, ते मी विचारलं नाही.

शेवटी उलटा पळत काउंटर गाठला, तर तिथली मुलगी म्हणाली, या विमानाचं सामान घेणं बंद झालंय. तिच्याशीही भांडलो. ती "इन्शाल्ला, नेक्स्ट फ्लाइट" म्हणाली, त्या इन्शाल्लावरूनही भांडलो. फोन वाजला. मेधा.

"शेवटचं बोलावणं झालं. ती पेटी कुणाकडे तरी द्या आणि पळत या!"

"कुणाकडे तरी? चार शुक्रवार घालवलेत मी!"

"अहो, जावयाला कट्यार महत्त्वाची की ऋतुजाला मामा?"

खरं सांगतो, उत्तर मला माहीत होतं. पण हा प्रश्न मला विचारण्याची हिंमतच कशी झाली, यावर मी फोनवर पुरती दोन मिनिटं बोललो. गेट त्याच दोन मिनिटांत बंद झालं.

"आम्ही तिघं जातोय," मेधा म्हणाली. "तुम्ही मिळेल त्या विमानाने या. खलास." आणि फोन ठेवला.

मी बाकावर बसलो. मांडीवर लाल पेटी. समोरच्या फलकावरून माझं विमान आधी सरकलं आणि मग दिसेनासं झालं. तेव्हा कुठे माझा राग ओसरला, आणि त्याच्या जागी जे आलं ते रागापेक्षा वाईट होतं. पाच वर्षांची ऋतुजा फ्रॉकवर ओढणी गुंडाळून माझा हात धरायची आणि दिवाणखान्यातून स्वयंपाकघरापर्यंत मला वाजतगाजत चालवायची. एकच काम होतं माझ्याकडे. एकच!

दुसऱ्या दिवशी पहाटेचं विमान मिळालं. पेटी या वेळी मुकाट सामानात दिली. अकरा वाजता मी मुंबईहून साताऱ्याच्या वाटेवर टॅक्सीत, आणि हातातल्या फोनवर अर्णवने लावलेला व्हिडिओ कॉल. मांडव भरलेला. नवरदेवाच्या हातात तेच मंडपवाल्याचं गंजकं पातं. गुरुजींनी माइकवर पुकारलं, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं!"

खोलीचं दार बंद. एक मिनिट गेलं. लोक माना वळवू लागले. माझी बहीण पदर तोंडाला लावून उभी.

"ऋतुजा! बाळा, बाहेर ये!" मी टॅक्सीत बेंबीच्या देठापासून ओरडलो. "माझी शपथ आहे! मुहूर्त टळेल!"

"बाबा," अर्णव कुजबुजला, "मी तुला म्यूट केलंय. गुरुजी बघतायत."

तेवढ्यात दार उघडलं. पुढे इरा. डोक्यावर माझा फेटा, कपाळापर्यंत घसरलेला. तिच्या हातात ऋतुजाचा हात. जिला मंगलाष्टक आणि आरती यातला फरक सांगता येत नाही ती माझी पोरगी ताठ मानेने नवरीला बोहल्यापर्यंत घेऊन आली, आणि तिच्या पाठीशी जी उभी राहिली ती शेवटच्या 'सावधान'पर्यंत हलली नाही. ऋतुजा हसत होती आणि रडत होती. मीही रडलो. ड्रायव्हरने न विचारता रेडिओ बंद केला.

नंतर कळलं, ऋतुजा खरंच अडून बसली होती. इराने आपल्या मोडक्या मराठीत तिला सांगितलं, "ताई, बाबा येतो आहे, पण तो स्लो आहे. तोपर्यंत मी चालेल का?"

मी पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजून गेले होते. शेवटची पंगत चाललेली. चुरगळलेला शर्ट, दाढी वाढलेली, काखेत लाल पेटी. दारात मुलाकडचे एक आजोबा अत्तरदाणी घेऊन उभे होते.

"या, या! आहेर आत डाव्या हाताला. आपण कुणाकडचे?"

मी छाती पुढे काढली. "मी मुलीचा मामा!"

आजोबांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"मामा? अहो, मामा तर मघाशीच जेवून उठल्या. काय धीराची पोरगी हो!" मग त्यांच्या डोक्यात एकदम प्रकाश पडला, आणि त्यांनी माझ्या मनगटाला प्रेमाने अत्तर लावलं. "अच्छा, अच्छा! म्हणजे आपण मामांचे वडील!"

आणि आयुष्यात पहिल्यांदाच, कुणाशीही वाद न घालता, मी "हो" म्हणालो.