स्ट्रेचरवरून विद्यापीठात

चाळीस वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या ज्या विद्यापीठातून मी पदवी घेऊन स्वतःच्या पायांनी बाहेर पडलो, तिथे गेल्या उन्हाळ्यात मला स्ट्रेचरवरून आत नेण्यात आलं.

याला कारण माझी बायको. सुमन काटोलची. लग्न झाल्यापासून मी तिला तिथल्या अभ्यासिकेबद्दल सांगत आलोय: केवढा तो घुमट, केवढे ते खांब, आत पाऊल टाकलं की माणसाचा आवाज आपोआप खाली येतो. त्यावर तिचं उत्तर ठरलेलं. "तुमच्याकडे पाहून वाटत नाही तुम्ही तिथं शिकले असान म्हणून." (खापरखेड्याच्या वीज केंद्रात मी जन्मभर इंजिनियर होतो. माझी पदवी सरकारला पटली, घरी पटली नाही.) शेवटी निवृत्तीनंतर तिकिटं काढली. तिला तो घुमट दाखवायचाच.

पण अभ्यासिकेच्या दारातच सुरक्षारक्षकाने अडवलं. माणूस धिप्पाड, आवाज मात्र मऊ.

"माफ करा, ओळखपत्राशिवाय आत सोडता येत नाही."

"मी इथला जुना विद्यार्थी आहे."

"असाल."

"त्यालेही पटलं नाही," सुमन म्हणाली.

मी वर पाहिलं. तोच पांढरा दगड, तेच उंचच उंच दार. नागपूरच्या उन्हात वाढलेला मी पोरगा, बर्फ तुडवत रोज इथे यायचो! रामटेकला गाभारा बंद असला की आपण काय करतो? उंबरठ्यावर डोकं टेकवतो. मीही टेकवलं. आणि नेमकी कमरेत उसण भरली.

"उठा न आता," सुमन कुजबुजली.

"उठता येत नाही."

"भक्ती जरा जास्तच होऊन राहिली तुमची."

असं म्हणून तिनेही हात जोडले आणि डोळे मिटले. आता रक्षकाला काय दिसलं असेल? एक म्हातारा दारात कोसळलाय आणि त्याची बायको देवाचा धावा करतेय. तो धावतच आला.

"साहेब, ऐकू येतंय का? राहता कुठे तुम्ही?"

मी भारावलेलाच होतो. कपाळ उंबरठ्यावर ठेवूनच अभिमानाने विद्यार्थीदशेतला पत्ता सांगितला, "इथेच, मागच्या गल्लीत. लाल दाराचं घर. माडीवर."

"तिथे कित्येक वर्षं गाड्या उभ्या करतात," तो हळूच म्हणाला आणि वॉकीटॉकीत ओरडला, "लवकर या, यांना भ्रम झालाय!"

स्ट्रेचर आलं. प्रथमोपचाराची खोली नेमकी अभ्यासिकेच्या पलीकडे होती. ओळखपत्र कोणी मागितलं नाही, उलट दाराची दोन्ही कवाडं उघडली गेली. आणि उताण्या अवस्थेत मी तो घुमट पाहिला. आठवणीत होता त्याहून मोठा. काचेतून सोन्यासारखं ऊन उतरत होतं, पुस्तकांच्या रांगा छताकडे चढत गेल्या होत्या. विद्यार्थी असताना मान खाली घालून बसायचो, एवढं वर कधी पाहिलंच नव्हतं. डोळे भरून आले. अंगावर कोणीतरी ऊबदार पांघरूण घातलं. पुढचं मला नीट आठवत नाही.

भानावर आलो तेव्हा सुमन काटोलच्या बहिणीशी फोनवर बोलत होती.

"हो वं, हे खरंच इथं शिकले. आता मले पूर्ण पटलं."

माझी छाती फुगली. चाळीस वर्षांची तपश्चर्या फळाला आली होती.

"कशावरून म्हणजे? अभ्यासाच्या हॉलमधी आणलं, अन् लगेच घोराले लागले."