हिरव्या नकाशातलं गाव

कोल्हापुरात उतरलो तेव्हा आभाळ मळकट होतं. मंगळवार पेठेतल्या लॉजवर पिशवी टाकली आणि दूध कट्ट्यावर (म्हशीची धार समोर काढून देतात ती जागा) गेलो. फेसाळ, कोमट दूध पिताना मनात एकच बेत होता: बिद्रीच्या पुढचा ऊस आणि नदीचं वळण वरून टिपायचं. निवृत्तीनंतर मला हा नाद लागला. माझा ड्रोन तळहातावर मावणारा, अडीचशे ग्रॅमच्या आतला. त्याला चालक-परवाना लागत नाही.

बिद्रीहून वडापनं (प्रवासी भरून निघणारी जीप) पुढच्या गावात पोचलो. वेशीवरच फलक होता: ‘गावहद्दीत ड्रोन उडवण्यास सक्त मनाई. ग्रामपंचायत.’

कार्यालयात वयस्कर शिपाई एकटेच बसले होते. मी त्यांना मोबाईलवर केंद्र सरकारचा नकाशा दाखवला. गाव हिरव्या पट्ट्यात होतं, म्हणजे चारशे फुटांपर्यंत परवानगीची गरज नाही.

“असंल,” ते म्हणाले. “पर आमच्या ग्रामसभेचा ठराव हाय. जनावरं बुजत्यात, पावणं.”

“आकाश ग्रामपंचायतीच्या अखत्यारीत येत नाही.” हे वाक्य मी वेशीवरून येतानाच जुळवलं होतं.

“आभाळ न्हाय येत. जमीन येती की.”

मग मी हद्दीबाहेर, मोठ्या रस्त्याच्या कडेला गेलो आणि तिथून ड्रोन सोडला. आपण फार हुशारी केली असं तेव्हा वाटलं. नदीचं वळण सुरेख आलं. पुढे कौलारू गोठे दिसले, म्हणून ड्रोन खाली आणला.

पडद्यावर एक म्हातारी म्हशीला पाण्यावर नेत होती. म्हैस उधळली. दावं बाईंच्या मनगटाला गुंडाळलेलं होतं. त्या पडल्या, काही अंतर फरफटत गेल्या. पडद्याला आवाज नव्हता. रिमोटची दांडी माझ्याकडून भलतीकडे ढकलली गेली आणि ड्रोन उसात कुठेतरी कोसळला.

मला कुणी पाहिलं नव्हतं. परतीची जीप समोर उभी होती. मी तिच्याकडे दोन पावलं गेलोही. मग वळलो आणि गोठ्याकडे धावत सुटलो.

“ड्रोन माझा होता,” मी जमलेल्या माणसांना सांगितलं.

बाईंचं नाव हौसाक्का. कोल्हापूरच्या दवाखान्यात खुब्याचं हाड मोडल्याचं कळलं. बाकावर त्यांच्या मुलाशेजारी, तानाजींशेजारी, मी बसून राहिलो.

“तुम्ही तक्रार द्या,” मी म्हणालो.

“तक्रार दिऊन आईचं हाड जुळतंय व्हय?” त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

शस्त्रक्रिया होईपर्यंत चार दिवस थांबलो. शहरात काहीच पाहिलं नाही.

घरी परतल्यावर ते नियम मी पुन्हा वाचून काढले. वजन, उंची, पट्टा, सगळं जुळत होतं. त्याचा आधार वाटेल, असं वाटलं होतं. वाटला नाही.

महिन्याभरानं फोन केला. तानाजी म्हणाले, आई वॉकर धरून उंबऱ्यापर्यंत येते. म्हैस दुसऱ्या कुणाला धार देत नाही, म्हणून आईला खुर्चीसकट गोठ्यात नेऊन बसवावं लागतं. मग त्यांनी फोन तिच्याकडे दिला.

“पावणं,” हौसाक्का म्हणाल्या, “तुमचं त्ये इमान (विमान) घावलं का वो उसात?”

“नाही,” मी म्हणालो. मी ते शोधलंच नव्हतं.