तळचं मडकं

ओल्या सारवणाचा वास आला की माझा उजवा हात आजही आपोआप मागे येतो. जिंतूरजवळच्या मेंढरे आडनावाच्या घरात मी नवी सून. दर शुक्रवारी सासूबाई बाजाराला गेल्या की मी उतरंड उतरवायची, मडकी पुसायची, घर सारवायचं आणि उरलेल्या वेळात चोरून चिंध्यांची वाकळ शिवायची. "चिंध्यांनी घरात दळिद्र येतंय," असं सासूबाई म्हणायच्या, म्हणून चिंध्या मी उतरंडीच्या तळच्या, बियाण्याच्या मडक्यात लपवल्या होत्या. पेरणीपर्यंत त्याला कुणी हात लावत नसे. एका शुक्रवारी त्यात कोपरापर्यंत हात घातला आणि मनगटावर काहीतरी चढलं. टोकदार पायांचं, सावकाश. विंचू! ओरडले तर हात हलेल, म्हणून श्वासही रोखला. तेवढ्यात विसरलेली थैली न्यायला सासूबाई परत आल्या. माझं तोंड, मडक्यात गेलेला हात, काठावर लोंबणारी लाल चिंधी, सगळं त्यांनी पाहिलं. "हालू नगंस पोरी," म्हणत त्यांनी मडकं हळूच आडवं केलं. बियाणं ओल्या जमिनीवर सांडलं. त्यांनी चिमट्यानं विंचू उचलून ठेचला, आणि मग माझं मनगट कितीतरी वेळ उलटंपालटं करून बघत राहिल्या. पुढच्या शुक्रवारी भिंतीतल्या देवळीत, लख्ख उजेडात, त्यांच्या लग्नातल्या लुगड्याचा पदर घडी करून ठेवलेला होता. "चिंध्या हितं ठिवत जा. हात कुठं चाललाय ते दिसतंय तरी." ती वाकळ अजून माझ्याकडे आहे. पांघरण्याआधी मी ती झटकते, मग तिच्यात शिवलेला तो पदर गालाशी घेते.